लीगमध्ये बरे खेळणारे संघ कपात का गारद होतात?

नागपुरातल्या एका छोट्या क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलंय: आमची १७ वर्षांखालची पोरं लीगमध्ये दरवर्षी पहिल्या चारांत असतात, पण नॉकआउट स्पर्धा, म्हणजे हरला तो बाहेर असा कप, आली की पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत घरी. तीन वर्षं हेच चाललंय. पोरांनी इंग्लंडच्या एफए कपचा २०२४-२५ चा हंगाम पाहिला आणि आता ती विचारतात, तो कप जिंकणाऱ्या क्रिस्टल पॅलेस क्लबला जमलं ते आपल्याला का जमत नाही? नॉकआउटची तयारी वेगळी असते का, आणि असली तर नेमकं काय करायचं?

वेगळी असते. आणि बहुतेक क्लब ती करतच नाहीत. मी २४ वर्षं नागपूर आणि कामठीच्या मैदानांवर पोरांना घेऊन फिरतोय. माझ्या संघांनी कपात जेवढे सामने गमावले, त्यातले निम्म्याहून जास्त आम्ही समोरच्यापेक्षा चांगलं खेळून गमावले. सामना संपल्यावर बूट काढता काढता पोरं विचारतात, "सर, आपण तं त्यांले दाबून ठेवलं होतं नं, मंग हरलो कसे?" या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला बऱ्याच उशिरा सापडलं.

लीगमध्ये दाबून ठेवल्याचं फळ मिळतं, कारण तिथे सामने पुष्कळ असतात. आज बॉल बारला लागून परत आला तर पुढच्या आठवड्यात आत जातो, हिशेब जुळतो. कपात पुढचा आठवडा नसतो. तिथे सामना पाच-सहा क्षणांवर ठरतो: एखादा कॉर्नर, बाजूच्या लाइनवरून हाताने फेकलेला एखादा लांब थ्रो, बॅकने गोलकीपरकडे दिलेला आखूड पास, एखादी पेनल्टी, शेवटची दहा मिनिटं आणि टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सुटावी म्हणून आळीपाळीने मारायच्या पेनल्टी किक. या क्षणांतून पोरं सरावात आधीच गेलेली असली पाहिजेत. बाकीचा खेळ तुमचा लीगमधलाच राहू द्या, तो चांगला आहे.

आता पॅलेसकडे बघा. पोरांना वाटतं की त्यांनी काहीतरी चमत्कार केला. त्या हंगामात लीगच्या पहिल्या आठ सामन्यांत पॅलेसला एकही विजय मिळाला नव्हता. हंगाम संपला तेव्हा ते २० संघांत १२ वे होते. म्हणजे लीगमधली त्यांची पत मधलीच. कपात मात्र सहा सामने खेळले आणि सहाही जिंकले: स्टॉकपोर्ट १-०, डॉनकास्टर २-०, मिलवॉल ३-१, फुलहॅम ३-०, सेमीफायनलला अ‍ॅस्टन व्हिला ३-०, आणि १७ मे २०२५ ला वेम्बलीवर मँचेस्टर सिटी १-०. हे आकडे पोरांना फळ्यावर लिहून दाखवा आणि उजवीकडचा रकाना वाचायला सांगा. सहा सामन्यांत खाल्लेले गोल किती? एक. मिलवॉलविरुद्धचा तेवढा एकच. कप तिथे जिंकला गेला.

फायनल मी पोरांसोबतच पाहिली. आपल्याकडे रात्री ९ वाजता सुरू झाली होती. मे महिन्यातलं नागपूर, कूलरचा आवाज इतका की कॉमेंट्री ऐकू येईना. बॉल जवळजवळ पूर्ण वेळ सिटीच्या पायात. पॅलेसकडे जेमतेम पाचातला एक हिस्सा असेल. पोरं म्हणू लागली, हे तर लटकले. पण नीट बघा, सिटीला बॉल कुठे मिळत होता? बॉक्सच्या, म्हणजे गोलपुढच्या चौकोनाच्या बाहेर, आडवा. पॅलेसचे तीन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, एकमेकांपासून हलत नव्हते आणि त्यांच्यापुढे चौघांची दुसरी ओळ. कुणी बॉलमागे एकटा धावत सुटला नाही. १६ व्या मिनिटाला पॅलेसला बॉल मिळाला, त्यांच्या मातेताने पाठीवर माणूस घेऊन तो धरला, उजवीकडून मुन्योस मोकळा सुटला, त्याचा क्रॉस आला आणि एझेने तो न थांबवता मारला. पॅलेसचा तो जवळपास पहिलाच हल्ला होता.

त्यानंतर ३६ व्या मिनिटाला सिटीला पेनल्टी मिळाली. त्यांच्या हालांडने बॉल मार्मूशच्या हातात दिला, मार्मूशने मारला आणि पॅलेसचा गोलकीपर डीन हेंडरसनने उजवीकडे झेपावून तो अडवला. उरलेला सगळा सामना त्या एका अडवण्यावर तोलून राहिला होता. शेवटी भरपाईची मिनिटंही बरीच मिळाली, तरी ओळ तुटली नाही. व्यावसायिक क्लब म्हणून १९०५ मध्ये सुरू झालेल्या पॅलेसचा हा पहिला मोठा कप. १९९० च्या फायनलला ते मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरीत राहून पुन्हा झालेल्या सामन्यात ०-१ हरले होते, आणि २०१६ मध्येही युनायटेडकडूनच एक्स्ट्रा टाइममध्ये १-२. दोन्ही वेळा आघाडी घेऊन हरले होते, हे पोरांना आवर्जून सांगा. आघाडी घेणं वेगळं आणि ती सांभाळणं वेगळं. सांभाळण्याचा सराव करावा लागतो. तो आपल्याकडे कुणी करत नाही.

हा सराव कसा? अगदी साधा आहे. शनिवारी दोन संघ पाडा. फळ्यावर लिहा: आपण १-० पुढे, १२ मिनिटं बाकी. मग खेळवा. पुढे असलेल्या संघाला तीनच गोष्टी सांगायच्या. बॉल मिळाला की तो कॉर्नर फ्लॅगच्या दिशेने न्यायचा, मधून नाही. थ्रो मिळाला की घाई नाही, पण रेफरी कार्ड काढेल इतकी टंगळमंगळही नाही. आणि आपल्या बॉक्सच्या आसपास फाऊल करायचा नाही, माणूस वळला तरी उभं राहायचं. पुढच्या वेळी तेच उलटं करा, आपण ०-१ मागे. त्यात पोरं काय करतात बघा. पहिल्या दिवशी सगळी पुढे पळतील आणि मागे एकटा स्टॉपर राहील, ०-१ चं ०-२ होईल. चौथ्या-पाचव्या वेळी ती आपसूक शहाणी होतात. ओरडावं लागत नाही.

थोडं ड्रॉबद्दल, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याबद्दल, कारण क्लबचे पदाधिकारी इथे फसतात. नॉकआउटचा हिशेब सरळ असतो. दर सामन्याला एक संघ बाद होतो, म्हणून २२ संघ असतील तर विजेता ठरायला २१ सामने लागतात. ३२ चा तक्ता भरायला १० संघांना बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, मिळते आणि पहिल्या फेरीत १२ संघांचे सहाच सामने होतात. बाय मिळाली की आपल्याकडे पेढे वाटतात. मला ती नकोशी वाटते. समोरचा संघ एक सामना जिंकून, मैदानाची उसळी ओळखून, अंगातली धास्ती झटकून आलेला असतो आणि आपण थंड. बाय मिळालीच तर त्याच आठवड्यात, त्याच वेळेला, शक्यतो त्याच मैदानावर पूर्ण वेळाचा एक मैत्रीपूर्ण सामना ठेवा. पोरांना त्या दिवशी स्पर्धेचंच किट घालू द्या.

एफए कपची रचना याहून कितीतरी लांबलचक आहे. सातशेहून जास्त क्लब, ऑगस्टमध्ये गावोगावच्या मैदानांवर सुरुवात. पहिल्या मुख्य फेरीत ८० संघ, दुसरीत ४०, आणि जानेवारीत तिसरी फेरी येते तेव्हा इंग्लंडच्या लीगमधल्या वरच्या दोन पायऱ्यांवरचे ४४ क्लब उतरतात. खालून झुंजत आलेले २० त्यांना मिळून ६४ होतात. मानांकन नाही. चिठ्ठी निघेल तो समोर, आणि मैदानही चिठ्ठीच ठरवते. ६४ पासून विजेत्यापर्यंत सहा फेऱ्या, पॅलेसला सहा सामने लागले ते म्हणूनच.

त्याच तिसऱ्या फेरीत १२ जानेवारी २०२५ ला टॅमवर्थच्या मैदानावर सगळ्यात वरच्या पायरीवरचा टॉटनहॅम आला. माझ्या मते तुमच्या पोरांसाठी त्या हंगामातला सगळ्यात मोलाचा सामना हा आहे, फायनल नाही. टॅमवर्थ पाचव्या पायरीवरचा क्लब. खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळणारे. गोलकीपर जस सिंग, भारतीय वंशाचा, एरवी इमारतींच्या पाहणीची नोकरी करणारा. छोटं मैदान, कृत्रिम गवत. ९० मिनिटं टॉटनहॅमला गोल मिळाला नाही. एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला तोही टॅमवर्थच्याच खेळाडूला लागून, मग आणखी दोन. ०-३ हा निकाल सामन्याबद्दल काहीच सांगत नाही.

टॅमवर्थ तिथवर पोचले कसे ते बघा. पहिल्या फेरीत दोन पायऱ्या वरच्या हडर्सफील्डला १-० हरवलं. त्यांच्या टॉम टाँक्सचा लांब थ्रो थेट बॉक्समध्ये पडतो. त्या थ्रोवरच्या गर्दीत बॉल हडर्सफील्डच्या गोलकीपरला लागून आत गेला. इथे नियम ठाऊक असणं किती कामाचं आहे ते लक्षात घ्या. थ्रोवरून बॉल कुणालाही न लागता सरळ जाळ्यात गेला तर गोल होत नाही, गोलकिक मिळते. तुमच्या गोलकीपरला हे सांगून ठेवा: थ्रो सरळ गोलात येत असेल आणि आसपास कुणी नसेल तर हात मागे. उलट बाजूने बघाल तर थ्रोवर थेट ऑफसाइड, म्हणजे बचावपटूंच्या पलीकडे उभं राहिल्याचा दोष, नसतो. म्हणजे तुमची दोन पोरं त्यांच्या गोलकीपरच्या अगदी पुढ्यात उभी राहू शकतात.

थ्रो फेकणारा पोरगा शोधा. तो बहुधा क्रिकेटमध्ये बॉलिंग टाकणारा निघतो, किंवा घरी पाण्याचे कॅन उचलणारा. आमच्याकडे असा एक होता, अंगाने बारीक, पण पाठ धनुष्यासारखी वाकायची. त्याचे पहिले कितीतरी थ्रो रेफरीने फाऊल दिले, कारण फेकताना मागचा पाय उचलला जायचा. मग मी चुन्याने एक रेघ मारली आणि त्याला बूट काढून अनवाणी फेकायला लावलं. मागच्या पायाचा अंगठा जमिनीला टेकलेला त्याला स्वतःला जाणवला पाहिजे, एवढंच. नऊ-दहा दिवसांत पाय बसला. दुसरी गोष्ट, हिवाळ्यात सकाळच्या सामन्यात कामठीच्या बाजूला दव इतकं असतं की बॉल हातातून निसटतो. लाइनच्या दोन्ही बाजूंना एकेक कोरडा टॉवेल ठेवा. संयोजकांना आधी विचारून ठेवा म्हणजे वाद होत नाही.

आपल्या मैदानांबद्दल इथेच बोलून घेतो. नागपूरची काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि दिवाळीनंतर दगड होते. गोलपोस्टपुढे गवत नसतंच, तिथे खळगा पडलेला असतो आणि टप्पा कुठे उसळेल ते सांगता येत नाही. लीगमध्ये दोन टप्पे चुकले तरी चालून जातं. कपात एक टप्पा चुकला की बॅग भरायची वेळ येते. म्हणून माझा एक पक्का नियम आहे: पहिली दहा मिनिटं आपल्या बॉक्सपासून ३० मीटरच्या आत टप्प्याची वाट बघायची नाही. बॉल हवेतच खेळायचा नाहीतर लाइनबाहेर घालवायचा. दिसायला वाईट दिसतं, कडेला उभे असलेले पालक कुरकुरतात. कुरकुरू द्या. आणि सामन्याच्या आधी गोलकीपरला दोन्ही पोस्टपुढे वीस-वीस टप्पे टाकून बघायला लावा. नाणेफेक जिंकली तर कोणती बाजू घ्यायची ते त्यावरून ठरवा.

आता टायब्रेकर. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमचे तीन वर्षांतले पराभव मी पाहिलेले नसले तरी त्यातला एखादा तरी इथेच झाला असेल याची मला खात्री वाटते.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या सेमीफायनलला आम्ही १-१ असे होतो. चार मिनिटं उरली होती. मी एक ताज्या दमाचा विंगर आत घातला आणि दमलेला मिडफिल्डर बाहेर काढला. तो मिडफिल्डर आमचा सगळ्यात भरवशाचा पेनल्टी मारणारा होता. सामना तसाच संपला आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सरळ टायब्रेकर. शेवटची शिट्टी वाजते तेव्हा मैदानात असतात त्यांनाच किक मारता येते. हे मला माहीत होतं, पण त्या चार मिनिटांत डोक्यात नव्हतं. मधल्या वर्तुळात पोरांना विचारलं, पाचवी किक कोण मारणार? कुणी हात वर करेना. शेवटी एका बॅकने केला, कारण बाकीचे सगळे खाली बघत होते. तो ४० मीटर एकटा चालत गेला. बॉल ठेवला, उचलला, परत ठेवला. रेफरीकडे बघितलंसुद्धा नाही आणि शिट्टीच्या क्षणाला पळत सुटला. बॉल बारच्या वरून पलीकडच्या भिंतीवर आपटला. तो पोरगा दोन महिने मैदानावर आला नाही. त्याच्या घरी मी तीनदा गेलो. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. मी त्याला त्या चाळीस मीटरची सवय लावलेली नव्हती.

तेव्हापासून आम्ही पेनल्टीचा सराव बदलला. आधी काय व्हायचं? सराव संपला की पोरं ठिपक्याभोवती घोळका करून पाच-पाच बॉल मारायची, हसत-खिदळत. त्यातून काहीच साधत नाही. आता सगळी मधल्या रेषेवर उभी राहतात, सराव संपून पाय जड झालेले असताना. नाव पुकारलं की एकटा चालत जातो. एकच बॉल, एकच किक. चुकली तर चुकली, परत नाही. परत येताना बाकीच्यांनी काही बोलायचं नाही. एका वहीत मी चार गोष्टी लिहितो: कोण, कुठल्या बाजूला, वर की खाली, काय झालं. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, म्हणजे प्रत्येकाच्या १२ किक. वही बघितली की कळतं, ज्याला आपण हुकमी समजत होतो तो चारदा चुकलाय आणि गप्प बसणारा लेफ्ट बॅक १२ पैकी ११ वेळा खाली डाव्या कोपऱ्यात मारतोय. दिशा आधी ठरवायची आणि धाव सुरू झाल्यावर बदलायची नाही, एवढा एकच उपदेश मी करतो. शिट्टी झाल्यावर एक श्वास सोडून मगच धावायचं. त्या पोराच्या किकनंतर हे मी लावून घेतलं.

क्रम कसा लावायचा? बरेच जण सगळ्यात चांगला माणूस पाचव्या किकसाठी राखून ठेवतात. मला ते पटत नाही. टायब्रेकर तिसऱ्या-चौथ्या किकलाच संपू शकतो आणि तुमचा हुकमी माणूस मधल्या वर्तुळात उभाच राहतो. माझे तिघं चांगले पहिल्या तीन जागांवर. नाणेफेक दोनदा होते, एकदा कोणत्या गोलवर मारायचं यासाठी आणि एकदा आधी कोण मारणार यासाठी. दुसरी जिंकली तर मी आधी मारायचं घेतो. आणखी एक नियम, जो ऐन वेळी भल्याभल्यांना आठवत नाही: समोरच्या संघाचा माणूस लाल कार्डावर बाहेर गेला असेल तर टायब्रेकरला तुमचाही एक कमी करावा लागतो. कोणाला बाजूला करायचं ते आधीच ठरवून ठेवा, वहीतल्या शेवटच्या नावाला. गोलकीपरने किक मारली जाईपर्यंत किमान एका पायाचा भाग रेषेवर ठेवायचा असतो, आणि आपली पोरं दोन्ही पाय पुढे टाकून उडी घेतात. अडवलेली किक परत मारायला लावल्यावर जो धक्का बसतो तो फार वाईट असतो. हेही सरावात.

आपल्या देशातलंच उदाहरण द्यायचं तर २०२४ चा डुरंड कप. १८८८ मध्ये शिमल्याला सुरू झालेली ही स्पर्धा आशियातली सगळ्यात जुनी. सुरुवातीला गट असतात, मग बाद फेरी. मोहन बागानने क्वार्टर फायनलला पंजाब एफसीला आणि सेमीफायनलला बेंगळुरूला टायब्रेकरवर काढलं. दोन्ही वेळा गोलकीपर विशाल कैथच्या हातांनी तारलं. फायनल कोलकात्यात, घरच्या मैदानावर, समोर नॉर्थईस्ट युनायटेड. मध्यंतराला बागान २-० पुढे. दुसऱ्या हाफमध्ये नॉर्थईस्टने तीन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले, पुन्हा टायब्रेकर, आणि या खेपेला गोलकीपर गुरमीतने दोन किक अडवून ३-४ ने बागानला थांबवलं. नॉर्थईस्टचा तो पहिला कप. लोक म्हणतात टायब्रेकर लॉटरी आहे. लॉटरीत सराव करून उपयोग होत नाही, इथे होतो. मात्र २-० पुढे असताना सामना तिथवर जाऊच द्यायला नको होता, हेही तेवढंच खरं.

संघनिवडीबद्दल फारसं बोलत नाही, एक गोष्ट मात्र सांगतो. ९ फेब्रुवारी २०२५ ला लिव्हरपूल चौथ्या फेरीत प्लिमथच्या मैदानावर गेला. प्लिमथ तेव्हा दुसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये तळाला. लिव्हरपूलने आधीच्या सामन्यातले दहा खेळाडू बदलले. लिव्हरपूलच्या खेळाडूच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी, प्लिमथच्या रायन हार्डीने ५३ व्या मिनिटाला गोल केला आणि १-० वर सामना संपला. आपल्याकडेही पहिल्या फेरीत समोर नवखा क्लब आला की "याच्यात राखीव पोरांना खेळवू" अशी चर्चा होते. राखीव पोरांना खेळवा, जरूर खेळवा, पण मागची चौकट तशीच ठेवा: गोलकीपर, दोन स्टॉपर, त्यांच्यापुढचा मिडफिल्डर. हे चौघं कपभर बदलायचे नाहीत. पुढे हवं ते करा.

त्याच हंगामापासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले रीप्ले, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळायचे सामने, बंद झाले. मला त्याचं वाईट वाटलं. आधीच्या नियमाने टॅमवर्थची ०-० ही बरोबरी टॉटनहॅमच्या मोठ्या स्टेडियमवर दुसरा सामना घेऊन गेली असती आणि तिकिटांच्या वाट्यातून त्या छोट्या क्लबचा मोठा खर्च निघाला असता. १९७१ मध्ये अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी या दोन क्लबांची पात्रता फेरीतली लढत सहा सामने चालली होती, एकूण ११ तास. असं पुन्हा व्हावं असं मी म्हणत नाही. पण ९० मिनिटं मोठ्या संघाला रोखून धरल्याबद्दल छोट्याला काहीतरी मिळायला हवं.

छोटे जिंकतात का? जिंकतात. भारतात फेडरेशन कप १९७७ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्याच फायनलला बेंगळुरूच्या आयटीआयने, म्हणजे टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या संघाने, कोचीत मोहन बागानला १-० हरवलं. आणि साधनं नाहीत असं नागपुरात तरी कुणी म्हणू नये. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला तो फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं बघून. त्या चिंचोळ्या जागेतल्या खेळातून आलेली पोरं मी कपात खेळवली आहेत. दोघांच्या मधून बॉल काढायची त्यांना भीती वाटत नाही आणि पेनल्टीला चालत जातानाही त्यांचा चेहरा बदलत नाही.

तुमच्या स्पर्धेला सहा आठवडे आहेत असं धरतो. पहिले दोन आठवडे फक्त मागची चौकट आणि कॉर्नरवरचं उभं राहणं. कॉर्नरला जवळच्या पोस्टवर एक पोरगा आणि गोलकीपरच्या पुढ्यात सगळ्यात उंच पोरगा, यात बदल नाही. तिसऱ्या आठवड्यापासून थ्रो आणि "१-० पुढे, १२ मिनिटं". पेनल्टीची वही पहिल्या दिवसापासून. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही शिकवू नका, फक्त दुपारी ३ वाजता, उन्हात, सामन्याच्याच वेळेला अर्धा तास खेळवा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पोरांच्या सवयीचं असू द्या, सामन्याच्या दिवशी नवं एनर्जी ड्रिंक नको. आणि स्पर्धेचं नियमपत्रक स्वतः वाचा: एक्स्ट्रा टाइम आहे की सरळ टायब्रेकर, बदली खेळाडू किती, दोन पिवळी कार्डं झाली तर पुढचा सामना बंद की नाही. दोन स्पर्धांचे नियम सारखे नसतात. कॅप्टनला त्याची एक प्रत द्या.

ड्रॉ निघाला की कळवा. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी तुमच्या मैदानावर येतो. वही आणि चुना माझ्याकडे असेल. तुम्ही पोरांना फक्त एवढंच सांगा की सरावाच्या शेवटी प्रत्येकाला एकच किक मिळणार आहे.